एका पत्त्यावरून चाळीस

फोन टेबलावर थरथरला तेव्हा धनंजय पडद्यावरच्या आलेखांतल्या हिरव्या रेषांकडे पाहत होता, आणि त्या रेषा इतक्या शहाण्यासारख्या वागत होत्या की फोन उचलताना त्याचा आवाज उगाचच उदार झाला. अकरा चाळीस. अल्लीपूरहून भाची बोलत होती, काजल, अन्नपूर्णाताईची धाकटी. "मामा, ते पानच उघडून नाई राह्यलं. सकाळपासून बसली मी लहानूमामाच्या दुकानात. चाक फिरते, फिरते, आन मंग पांढरं होते." नर्सिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आज शेवटचा दिवस होता. पाच वाजेपर्यंत यादी लॉक केली नाही तर नाव फेरीतून बाद, आणि वर्ष गेलं. हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ज्या कंपनीनं ते पोर्टल चालवायला घेतलं होतं तिच्यात तो नोकरीला होता, कंपनी पुण्यात आणि तो वर्ध्याला, नालवाडीतल्या भाड्याच्या घरात, मागच्या खोलीत. "गर्दी असते गं शेवटच्या दिवशी," तो म्हणाला. "रिफ्रेश मारत राह्य. सोडू नको. मारत राह्यलं का उघडते." काजल "हो मामा" म्हणाली, लगेच, मुली मामाला म्हणतात तसं, आणि फोन ठेवला. रेषा हिरव्याच होत्या. फक्त त्याच्या मानेपाशी काहीतरी बारीक खुपलं, सदऱ्याच्या आत गवताची काडी अडकल्यासारखं, आणि त्यानं मान हलवून ते झटकून टाकलं.

त्याचं काम दाराशी उभं राहण्याचं होतं. लोक पोर्टलवर येतात ते थेट आत जात नाहीत. आधी एका दारवानापाशी येतात, आणि तो कोणाला कोणत्या खोलीत पाठवायचं ते ठरवतो, म्हणजे एकाच खोलीत चेंगराचेंगरी होत नाही. हा दारवान म्हणजे लोड बॅलन्सर, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, फुकट मिळणारं, कोणाच्याही मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर. त्याची एक फाईल असते, दीडदोनशे ओळींची. त्या ओळी धनंजयच्या होत्या. तीन वर्षं त्यानं त्या पोटच्या पोरासारख्या सांभाळल्या होत्या आणि कोणी त्यात बोट घातलं की त्याचं डोकं फिरत असे. जुन्या मांडणीत त्या सॉफ्टवेअरच्या चार प्रोसेस चालत, म्हणजे दारावर चार माणसं, प्रत्येकाच्या हातात आपापली वही. नव्या आवृत्तीत ती सोय काढूनच टाकलेली. आता प्रोसेस एक आणि तिच्या आत थ्रेड चार, म्हणजे कामाचे चार धागे. गेल्या रविवारी दुपारी त्यानं ती ओळ बदलली, एनबीथ्रेड, पुढे चार, जतन, सुरू. रूपाली, त्याची बायको, लाडवांची ताटली घेऊन दारात आली होती, तिला तो म्हणाला होता, "बघ, एक ओळ बदलली आणि मशीन निम्म्या दमात काम करायला लागलं." खोटं नव्हतं ते. थ्रेड सगळे एकाच स्मृतीत राहतात, एकमेकांचं काम वाटून घेतात, निरोप पाठवत बसावं लागत नाही. पुण्याहून विवेकनं, म्हणजे त्याच्या साहेबानं, अंगठा पाठवला होता. धनंजयला त्या अंगठ्याचा आनंद झाला होता आणि आनंद झाला म्हणून स्वतःचा थोडा रागही आला होता.

एक वाजून वीस मिनिटांनी लहानूचा फोन आला. लहानू त्याच्या वर्गातला. बारावीला गणितात तीनदा आपटला आणि आता अख्ख्या अल्लीपुराचे फॉर्म त्याच्या बोटांखालून जातात, आधार, सातबारा, पीकविमा, पोरींचे प्रवेश. लहानूला इंग्रजी अक्षरं जुळवत वाचावी लागतात, पण कोणतं पान कधी रुसतं हे त्याला बरोबर कळतं. "धन्या, तुयं ते पोर्टल मजाक करून राह्यलं का बे," तो म्हणाला. "सकाळी पह्यल्या दोन पोरी झटकन झाल्या. मंग तिन्ही कम्प्युटरवर बसवल्या तं तिन्ही बंद. मोबाईलवरून पाह्यलं, तेयी तसंच. दुपारी सगळे जेवाले गेले, गावात कोनीच नेटवर नाई, दहा-पंधरा मिन्टं. आलो तं सुरू! दोघींचं केलं. तिसरी बसली तं पुन्हा बंद. एकटीनं केलं तं चालते, चवघी मिळून केलं का मरते. आन जितकं रिफ्रेश मारा तितकं जास्त मरते. हे नेट नाई बाबा. हे कोनीतरी मोजून राह्यलं."

धनंजयनं फाईल उघडली. कोणीतरी मोजतंय. मोजत होता तो. त्याच फाईलमध्ये, एकशे बाराव्या ओळीवर, त्याच्याच हातची अट होती: एका पत्त्यावरून, म्हणजे एका नेट कनेक्शनवरून, दहा सेकंदांत चाळीसपेक्षा जास्त मागण्या आल्या तर तो पत्ता दहा मिनिटं बंद, आणि बंद असताना पुन्हा दार वाजवलं तर दहा मिनिटं पहिल्यापासून. हल्लेखोरांसाठी होती ती. पण चार वह्या होत्या तोवर चाळीस म्हणजे चाळीस कधी नव्हतेच. प्रत्येक दारवान आपल्या वहीत आपले चाळीस मोजायचा, शेजाऱ्यानं किती मोजले ते त्याला माहीत नसायचं, म्हणजे खरी सूट दीडशेच्या वर. थ्रेड आले आणि वही एक झाली. माणसं चारच, काम तेच, पण आता चौघं मिळून एकाच पानावर रेघा ओढत होते आणि चाळीस हा आकडा तीन वर्षांत पहिल्यांदा खराखुरा चाळीस झाला होता. एक पान उघडायलाच बारा-पंधरा मागण्या जातात. तीन पोरी, तीन कम्प्युटर, एक फायबर. अल्लीपुरात केबलवाल्यानं एकच तार आणून दुकानांत, शाळेत, घराघरांत वाटलेली, सगळं गाव बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतं. मोबाईलच्या कंपन्याही शेकडो फोन एकाच पत्त्याआड घालतात. आणि तो पोरीला म्हणाला होता, रिफ्रेश मारत राह्य, सोडू नको.

हे त्यालाच कळायला हवं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. विवेकला माफ होतं. विवेक ज्या इमारतीत राहतो तिथं प्रत्येक घराची वेगळी तार, कदाचित प्रत्येक खोलीची. पण धनंजय त्याच गावात वाढला होता जिथं दहावीचा निकाल पाहायला सगळा वर्गच्या वर्ग एका फोन बूथपुढे उभा राहायचा आणि बूथवाला एकेकाचा नंबर ओरडून विचारायचा. अल्लीपुरात कोणतंही काम एकट्यानं, आपल्या घरी बसून, होत नाही. फॉर्म भरायला पोरगी निघाली की दोन मैत्रिणी निघतात, एकीची आई निघते, वाटेत एखादी म्हातारी पेन्शनचं विचारायला सोबत येते, आणि सगळ्या लहानूकडे बसतात, कारण एकट्यानं बोट ठेवायची भीती वाटते. तीन वर्षांपूर्वी ही अट लिहिताना त्यानं विचार केला होता, एक घर, एक कनेक्शन, फार तर दोन माणसं, चाळीस खूप झाले. कोणतं घर आलं होतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे? ते घर नालवाडीतलंही नव्हतं. चाचणी घेणाऱ्या यंत्रणेनं रविवारी नव्या मांडणीची कसोटी घेतली तीही हजार वेगवेगळ्या पत्त्यांवरून, प्रत्येक पत्त्यावर एकेक शहाणा माणूस. सगळं हिरवं. रेषा आताही हिरव्याच होत्या, कारण दारातून परत पाठवलेला माणूस आतल्या रेषेत मोजलाच जात नाही.

"धन्या, हाय का?" लहानू म्हणाला. आता सांगायचं, धनंजयला वाटलं, आता एवढंच म्हणायचं की हो बे, माझ्याकडून झालं, थांब. त्याऐवजी त्याला आपलाच आवाज ऐकू आला, शांत, थोडा वैतागलेला, पुण्याच्या बैठकीत वापरायचा तो. "तुमच्याकडचं नेटच तसं हाय लहानू. लाईनमधी प्रॉब्लेम असन. इकडून सगळं बरोबर दिसून राह्यलं. ज्याले घाई हाय त्याले हिंगणघाटले पाठव, तिथं चांगली लाईन हाय." "तू म्हनत असशीन तं मंग तसंच असन," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जो विश्वास होता तो धनंजयला सहन झाला नाही. त्यानं फोन ठेवला.

असं का केलं, हे तो पुढचा तासभर स्वतःला विचारत राहिला आणि उत्तर त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं सगळ्यांना परत पुण्याला बोलावलं तेव्हा एकटा तो गेला नव्हता. विवेकला त्यानं शब्द दिला होता, कामात काडीचा फरक पडणार नाही. त्या शब्दावर तो वर्ध्यात राहत होता, रूपालीची शाळेतली नोकरी इथं, ताई तासाभरावर, पोळ्याला गावी जाता येतं. दर चार महिन्यांनी विवेक गमतीत विचारायचा, "काय धनंजय, अजून वर्ध्यातच?" आणि तो गमतीत हसायचा. शेवटच्या दिवशी पोर्टल त्याच्या ओळीमुळे बंद पडलं असं एकदा लेखी झालं की ती गंमत संपली. मग तो मनातल्या मनात हिशेब जुळवू लागला, असे कितीसे असतील, अल्लीपूरसारखी गावं किती, बाकीचे तर भरताहेत ना. त्यानं बंद पत्त्यांची यादी उघडली. तीनशे बारा. यादीत गावांची नावं नसतात, नुसते आकडे, टिंबांनी तोडलेले. तो ते आकडे वर-खाली सरकवत राहिला. एकेका आकड्यामागे एखादं लहानूचं दुकान, एखादं सिंदीसारखं जवळचं गाव, एखादं कुठलं तरी गाव ज्याचं नाव त्यानं ऐकलंही नव्हतं, आणि प्रत्येक आकड्यासमोरचं दहा मिनिटांचं घड्याळ शून्याजवळ आलं की कोणीतरी तिकडे रिफ्रेश मारत होतं आणि ते पुन्हा दहावर जात होतं. एखाद्या पोरीला मामानं सांगितलं असणार, सोडू नको.

तीन वाजता बैठक होती. पडद्यावर सहा चौकोन, सहा तोंडं. विवेकनं आलेख पुढे केला आणि त्यातला लाल पट्टा दाखवला. सकाळपासून दारातून परत पाठवलेल्या मागण्या, नेहमीच्या तीस पट. "हा बघा, हल्ला झालाय आज," तो म्हणाला, "आणि कोणाला कळलंही नाही. आत एकही सर्व्हर हलला नाही. धनंजयचे थ्रेड. मी ग्राहकांनाही कळवलंय." कोणीतरी टाळ्यांचं चित्र टाकलं. धनंजय म्हणाला, "थँक्स." त्याचा मायक्रोफोन बंद होता, म्हणून त्याला तो चालू करून पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना शब्दाला चव राहिली नव्हती. खिडकीबाहेर नालवाडीच्या रस्त्यावर कोणीतरी टमटम सुरू करायचा प्रयत्न करत होता, ती घरघरायची आणि बंद पडायची, घरघरायची आणि बंद पडायची, आणि तो बैठकभर तेच ऐकत राहिला. मदतकेंद्राच्या बाईंनी सांगितलं की फोन खूप येताहेत, बहुतेक खेड्यांतून, पान उघडत नाही म्हणून. "शेवटच्या दिवशी येतातच," विवेक म्हणाला. "नेट नसतं तिकडे." सहापैकी पाच माना हलल्या. सहावी त्याची होती, आणि तीही हलली.

बैठक संपल्यावर त्यानं लहानूच्या दुकानाचा पत्ता जुन्या नोंदींतून शोधून काढला. एक ओळ पुरली असती. हा पत्ता मोजू नकोस. कोणाला कळलं नसतं, काजलचं झालं असतं, गावाचंही झालं असतं, आणि उरलेल्या तीनशे अकरा आकड्यांना मामा नव्हता त्याला तो काय करणार. त्यानं ओळ टंकलीसुद्धा. मग तो त्या ओळीकडे बघत बसला. आपल्या माणसासाठी दार किलकिलं करायचं आणि बाकीच्यांना नेट खराब म्हणून घरी पाठवायचं, हे तो लहानपणापासून कचेऱ्यांमध्ये पाहत आला होता, आणि ज्यांना पाहत आला होता त्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता. आता ती खुर्ची किती मऊ असते ते कळत होतं. त्याला स्वतःची किळस आली. घड्याळात तीन पंचेचाळीस झाले, मग चार, मग चार दहा. त्यानं ओळ खोडली, पुन्हा टंकली, पुन्हा खोडली. चार वाजून अठरा मिनिटांनी त्यानं सगळ्यांच्या गटात लिहिलं: "हल्ला नाही. थ्रेडवर गेल्यापासून मोजणी एकत्र होते आहे, मर्यादा मी वाढवली नाही. खेड्यांतली सामायिक कनेक्शनं बंद झाली आहेत. चूक माझी. मला दुपारी दीडपासून माहीत आहे." शेवटचं वाक्य त्यानं पाठवायच्या आधी एकदा काढलं, आणि मग परत घातलं.

विवेकचा फोन दहा सेकंदांत आला. "दीडपासून?" एवढंच तो आधी म्हणाला. शेवटच्या दिवशी फाईलला हात लावायचा नाही असा कडक नियम होता, आणि तो नियमही धनंजयनंच लिहिला होता. "बदल करून सुरू करताना काही पडलं तर? पाऊण तासात सगळं राज्य बोंबलेल." "पडणार नाही." "हे तू रविवारीही म्हणाला होतास." धनंजयनं कर्सर एकशे बाराव्या ओळीवर नेला. "कर," विवेक म्हणाला. "मी वर सांगतो. मुदतीचंही बोलून बघतो, पण ते आपल्या हातात नाही, भरवसा धरू नकोस." चाळीसच्या जागी त्यानं चारशे घातले, दोनदा वाचले, वही पुसून टाकली. चार छत्तीस. बंद पत्त्यांच्या यादीत शून्य. आणि मग बंधाऱ्याची फळी काढल्यासारखे लोक आत आले, रेषा उसळल्या, पिवळ्या झाल्या, थरथरल्या आणि टिकल्या. चारही थ्रेड भरून वाहत होते.

त्यानं लहानूला फोन लावला. मागे नुसता कलकलाट होता, पोरींचा, आनंदाचा. "सुरू झालं बे! तिन्हीवर सुरू झालं!" लहानू ओरडला. "काजलले बसव आधी," धनंजय म्हणाला. "ते कुठं हाय इथं. चारच्या बसनं गेली ना हिंगणघाटले. तूच तं म्हटलं." धनंजयनं घड्याळ पाहिलं. चार चाळीस. बस अजून वाटेतच असणार, आणि उतरून केंद्र शोधायचं, तिथं रांग. काजलच्या फोनचा रिचार्ज संपलेला, म्हणून तर ती सकाळपासून लहानूच्या फोनवरून बोलत होती. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख उभी राहिली: पोरीचं वर्ष माझ्यामुळे जातंय, आणि ते मीच वाचवू शकतो. कारण फॉर्मवर मोबाईल नंबर त्याचा होता. अल्लीपुरात ही रीतच आहे. ताईचा फोन कधी चालू, कधी बंद, भाऊजींचा शेतात, म्हणून कोणत्याही फॉर्मवर नंबर द्यायचा तो घरातल्या नोकरीवाल्याचा, मामाचा नाहीतर काकाचा, जो कधी बंद पडत नाही. पासवर्ड त्याला माहीत नव्हता, पण ओटीपी त्याच्याकडे येणार होता. आला. चार सत्तेचाळीसला तो काजलच्या नावानं आत गेला.

पसंतीक्रमाचं पान कोरं होतं. डाव्या बाजूला अठ्ठावीस कॉलेजं, उजवीकडे रिकामे रकाने, एक ते दहा. हे पान त्यानं आजवर हजारदा पाहिलं होतं, कधी भरलं नव्हतं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काजलला काय हवं आहे हे त्याला माहीत नाही. पोळ्याला ती त्याच्यासमोर दोन तास बसली होती, पुरणपोळी वाढत होती, तो तिला मोबाईलचा पॅक कोणता घ्यावा ते सांगत होता. कॉलेजाचं त्यानं विचारलंच नव्हतं, कारण ते तिच्या गुणांवर ठरतं असं त्यानं धरलं होतं. त्यानं ताईला फोन लावला. नशिबानं लागला. "ताई, काजलले कोनतं कॉलेज पाह्यजे? पह्यलं कोनतं टाकू?" "मले काय माहीत बाबू," ताई म्हणाली, ती कुठंतरी चालत होती, धापा टाकत होती. "तिले काय समजते. जवळचं टाक. वर्ध्याचं टाक, तू हायस तिथं. दूर नको बाप्पा पोरीच्या जातीले." हे काजलचं उत्तर नव्हतं. ते त्याला त्याच क्षणी कळलं. पण चार पन्नास झाले होते आणि उत्तर म्हणून हातात तेवढंच होतं. त्यानं पहिल्या रकान्यात वर्धा घातलं, मग सावंगी, मग नागपूरची चार, मग अमरावती, यवतमाळ. दूरची त्यानं खाली ठेवली. बोटं सराईत चालत होती आणि तेच त्याला भीतिदायक वाटत होतं.

चार पंचावन्नला फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यानं कापला. कंपनीतून कोणी असेल, नाहीतर कोणी कर्ज विकणारा. यादी जतन केली. "याआधी जतन केलेला क्रम बदलला जाईल," असं काहीसं पान म्हणालं, ते पान नेहमीच काहीतरी म्हणतं, त्यानं ठीक दाबलं. पुन्हा तोच नंबर. पुन्हा कापला. आता लॉक. लॉकसाठी वेगळा ओटीपी लागतो. त्यानं बटण दाबलं, फोनवर आकडे आले, त्यानं ते घातले, पान म्हणालं चुकीचा ओटीपी. फोनमध्ये पाहिलं तर दोन संदेश होते, अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं, दोन वेगवेगळे आकडे. बटण दोनदा दाबलं गेलं असणार. शेवटचा आलेलाच चालतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं दुसरे आकडे घातले. तिसऱ्यांदा तो अनोळखी नंबर वाजायला लागला आणि पडद्यावर हिरवी चौकट आली, तुमचा पसंतीक्रम लॉक झाला आहे. चार अठ्ठावन्न. तो खुर्चीत मागे रेलला. दिवसभरात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण एखादं धड काम केलं. त्या सुखात त्यानं दोन मिनिटं डोळे मिटले.

मग फोन पुन्हा वाजायला लागला म्हणून त्यानं तो उचलला. "मामा," काजल म्हणाली. मागे गर्दी होती, कोणीतरी कोणावर तरी खेकसत होतं. "कवाची फोन लावून राह्यली मी तुमाले. केंद्रवाल्या दादाच्या फोनवरून. तुमी कापून राह्यले. ओटीपी पाह्यजे होता मले. माही यादी भरून झालती, बसवाल्यानं बायपासवरच उतरवून देल्लं तं लवकर पोचली मी. लॉक दाबलं, तुमच्याकडे ओटीपी आला असन. फक्त तेवढाच राह्यलता." तिचा आवाज फुटला, पण ती सावरली. "आता पाच वाजले."

धनंजय काही बोलायच्या आधी तिकडे एकदम आरडाओरडा झाला. त्याच वेळी त्याच्या पडद्यावर विवेकचा संदेश आला: मुदत वाढली. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. तांत्रिक अडचणीमुळे. ज्यांचा क्रम लॉक झालेला नाही त्या सर्वांसाठी. "मामा!" काजल ओरडली, हसत, रडत. "वाढली म्हन्ते! उद्यापर्यंत वाढली! मंग काईच नाई मामा, मी उद्या लहानूमामाकडूनच करीन. तुमी फक्त फोन जवळ ठेवजा."

"काजल," तो म्हणाला. "तुझी लॉक झाली."

"नाई ना मामा, ओटीपीच कुठं भेटला."

"मी केली. मले वाटलं तू पोचत नाई. दुसरा ओटीपी तू मागतलेला होता, तो मी घातला. माझी यादी लॉक झाली." लॉक झालेली यादी उघडत नाही. कोणी उघडू शकत नाही, तो नाही, विवेक नाही, कोणाच्या मामानं मध्येच नाक खुपसू नये म्हणूनच तो नियम केलेला होता. हे त्यानं तिला सांगितलं नाही. बहुतेक ती समजली असावी.

"पह्यलं कोनतं टाकलं?" तिनं विचारलं.

"वर्धा."

वर्धा तिला मिळणारच होतं, तेवढे गुण होते, आणि पहिलं मिळालं की ते घ्यावंच लागतं. "मी पुणं टाकलं होतं," ती म्हणाली. "घरी नव्हतं सांगतलं. मिळालं असतं तं मंग सांगनार होती."

त्याला वाटलं आता गप्प राहावं, पण गप्प राहून दिवस कसा गेला ते त्यानं पाहिलं होतं. "काजल, सकाळी नेट खराब नव्हतं. लहानूचं नेट बरोबर होतं. बंद मी केलतं, चुकून. आन दीड वाजता मले समजलं होतं."

"म्हंजे मले हिंगणघाटले पाठवलं तवा तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"बरं," ती म्हणाली. सकाळी "हो मामा" म्हणाली होती त्याहून हा आवाज कितीतरी मोठ्या बाईचा होता. "बस लागन आता मामा. दादाले फोन द्यायचा हाय. ठेवते." त्यानं दोन मिनिटांनी त्याच नंबरवर परत फोन लावला तेव्हा केंद्रवाला म्हणाला, ते पोरगी गेली ना साहेब, आणि कोण बोलून राह्यलं म्हणून विचारलं.